शून्य सेकंदांचा फोन

बाबा हरवले तेव्हा मी ऑफिसात बसून लोकांची नाती मोजत होते. माझं कामच ते. फोन कंपनीत आहे मी. कोण कोणाला किती वेळा फोन करतं, किती वेळ बोलतं आणि त्या दोघांच्या ओळखीचे सामाईक लोक किती, एवढं मशीनला दिलं की ते दोन माणसांमध्ये एक रेघ काढतं आणि त्या रेघेला वजन देतं. जाड रेघांनी जोडलेल्या माणसांचा एक घोळका होतो, आणि त्या घोळक्याला कंपनी 'आपली माणसं' नावाची योजना विकते. लोक काय बोलतात ते आम्हाला ऐकू येत नाही, आणि खरं सांगायचं तर ऐकायची हौसही नाही.

या रेघा एकसारख्या राहत नाहीत. वापर असला की जाड होतात, नसला की झिजत जातात. लग्न ठरलेल्या जोडप्याची रेघ दोरखंडाएवढी असते आणि लग्न झालं की दोऱ्याएवढी. एका घरात राहणारे एकमेकांना कशाला फोन करतील, असं मी साहेबांना समजावलं होतं. साहेब म्हणाले, "ते एक कारण झालं."

पाच सेकंदांच्या आतले फोन मात्र आम्ही धरत नाही. चुकून लागलेले, कापलेले, नुसतेच वाजून बंद झालेले. ते धरले तर सगळं गढूळ होतं. हा नियम माझाच, आणि मला त्याचा चांगला अभिमान होता.

तर मी अशी रेघांमध्ये मान घालून बसले असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुमचं दार सताड उघडंय. आत कोणीच नाही. बाबा तुझ्याबरोबर आहेत का?"

मी पर्स उचलली आणि तशीच निघाले.

घरी पोचले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या, जणू आता दारच पळून जाणार होतं. आत सगळं जागच्या जागी होतं. बाबांचा स्वेटर खुंटीला, मफलर खुंटीला. त्यांचा फोन टेबलावर, चार्जरला लावलेला. चपला तेवढ्या नव्हत्या. बाहेर दिवसाच हात गारठत होते, आणि गेल्या हिवाळ्यात बाबांच्या छातीत पाणी झालं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आणखी एकदा थंडी बाधली तर माझ्या हातात फार काही नसेल." वर विसरण्याचा आजार. पत्ता विसरतात, जेवलेलं विसरतात, आई गेली हेसुद्धा विसरतात आणि मग दर वेळी ते नव्याने सांगावं लागतं. म्हणजे संध्याकाळचा गारठा उतरायच्या आत बाबा सापडायला हवे होते.

दादा अर्ध्या तासात आला. पोलीस चौकीत आम्ही फोटो दिला. तिथला हवालदार भला माणूस होता, पण त्याला घाई नव्हती. "सापडतात हो म्हातारे. भूक लागली की घर आठवतं," तो म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले. दादाने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

मग मी तेच केलं जे मला येतं. बाबांचा फोन घेऊन टेबलाशी बसले आणि त्यांच्या माणसांची वजनं काढली. सगळ्यात जाड रेघ माझी. ती असणारच, कारण मला फोन केला होता हे बाबा विसरतात आणि परत करतात. ऑफिसात मी फोन कानाला खांद्याने दाबून धरते, "हं, हं" करते आणि काम करत राहते. माझ्याखाली आत्या. तिच्याखाली मावशी, मग औषधांचं दुकान, डॉक्टर, आणि मग दादा.

"मी औषधाच्या दुकानाच्या खाली?" दादा माझ्या खांद्यावरून बघत होता.

"रविवारी एकदा फोन करतोस. दुकानदार दोनदा करतो."

"आत्ता हे मोजायची वेळ आहे? बाबा सापडत नाहीयेत आणि तू माझं वजन करतेयस!"

"मग काय करू? तू सांग! तुला माहितेय का ते कुठे जातात? कोणाकडे जातात? तुला ते सकाळी चहात साखर घेतात की नाही हे तरी माहितेय का?"

घेत नाहीत. मीच डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद केली होती, आणि हे त्याला कधी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात आत्या आली, येतानाच रडत. मग आम्ही तिघं फोन लावत बसलो. आत्याने मावशीला लावला, तेव्हा मावशी दादाशी बोलत होती. मी दादाच्या सासऱ्यांना लावला, ते म्हणाले आत्ताच आत्याने सांगितलं. मी बाबांचा फोटो आणि दोन ओळी लिहून सगळ्यांना पाठवल्या होत्या. थोड्याच वेळात माझाच मेसेज माझ्याकडे परत यायला लागला. आत्याकडून, आत्याच्या जावेकडून, मावशीच्या मुलाकडून, प्रत्येकाने खाली जोडलेले हात टाकून. एका दूरच्या वहिनीने तर मलाच विचारलं, "यांच्या घरच्यांना कोणी ओळखतं का?"

त्यावर मी हसले. हसता हसता मला रडू फुटलं आणि आत्या मला पाणी प्यायला लावू लागली.

हे मला आधीच कळायला हवं होतं. जाड रेघांचा हा गुणच आहे. ज्यांच्याशी आपलं घट्ट असतं ते आपापसातही घट्ट असतात. एकाला जे माहीत ते सगळ्यांना माहीत, आणि जे एकाला माहीत नाही ते कोणालाच नाही. त्या घोळक्यात बातमी नुसती गरगर फिरते. नवं काही यायचं तर ते बारीक रेघेवरून येतं, जिला कोणी फारसं मोजत नाही. मी साहेबांना हे रंगीत चित्रं काढून समजावते. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा आत्याच्या जावेला तिसऱ्यांदा फोन करत होते.

बाबांचा फोन वाजला. आम्ही तिघंही झडप घालून उठलो. पण तो एकदाच वाजून बंद झाला. लगेच पुन्हा एकदा वाजला आणि बंद झाला. नंबरला नाव नव्हतं.

"कोण होतं?" आत्याने डोळे पुसत विचारलं.

"कोणी नाही. असलेच येतात," मी म्हणाले. "कचरा."

थोड्या वेळाने पुन्हा तसंच. एकदा, आणि लगेच एकदा. मग पुन्हा. दादा चिडला. "हे टोणगे लाइन अडवून बसतील आणि तेवढ्यात कोणी खरा फोन केला तर?"

"ब्लॉक कर," मी म्हणाले.

त्याने केला. फोन गप्प झाला. मला बरं वाटलं, देवाशपथ बरं वाटलं.

दुपार कलायला लागली तशी घरात बसवेना. दादा गाडी घेऊन स्टेशनकडे गेला आणि मी पायी निघाले. दिसेल त्याला फोटो दाखवत सुटले. फळवाली, चाव्या बनवणारा, शाळेचा वॉचमन. रोज ज्यांच्यासमोरून मी मान खाली घालून जाते ती सगळी माणसं. फळवाली म्हणाली, "हे होय? रोज एक केळं घेतात. आज नाही आले." शाळेचा वॉचमन म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब ना? पोरं आत गेल्याशिवाय ते रस्ता सोडत नाहीत." बाबा बस चालवायचे, पण हे याला कोणी सांगितलं, मला माहीत नव्हतं. या घरात राहायला आल्यापासून बाबांना सगळी गल्ली ओळखत होती, आणि यातला एकही माणूस माझ्या मोजणीत नव्हता. यांना कोण फोन करतं?

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने फोटो बघितला आणि वस्तरा खाली ठेवला. "ताई, अहो, सकाळी इथेच होते. अर्धी दाढी करून उठून गेले."

"अर्धी?"

"डावा गाल झाला, उजव्याला फेस तसाच. मी म्हटलं बाबा, बसा. ऐकेचनात. रोज कसं, ते खुर्चीत बसलेले असतात आणि खिशातला फोन दोनदा वाजतो. टिंग, टिंग. ते एकदा वाजवून परत देतात आणि मला म्हणतात, 'चला.' तेव्हा कुठे मी पाणी मारायचं. आज फोन वाजलाच नाही. सारखा हातात घेऊन बघत होते. मग म्हणाले, 'बेल नाही आली. बघून येतो.' मला वाटलं घरी गेले असतील."

घरी गेले होते. फोनचीच बॅटरी संपली असेल म्हणून चार्जरला लावला, वाट बघितली, आणि तरी वाजला नाही तेव्हा दार उघडं टाकून निघाले. सलूनवाल्याच्या खुर्चीतच मी बसले.

बेल. आमच्या घरात हा शब्द लहानपणापासून होता. बसमध्ये कंडक्टर दोरी ओढतो आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटा वाजते. एक बेल म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. बाबांच्या बसला बहुतेक सगळी वर्षं एकच कंडक्टर होता. आम्ही त्यांना डबलबेल काका म्हणायचो. ते मागे, बाबा पुढे, मध्ये माणसांची गर्दी. आठ-आठ तास दोघं एकमेकांशी घंटेनेच बोलत. त्यांच्या डबल बेलशिवाय बाबा समोर रस्ता मोकळा असला तरी गाडी हलवायचे नाहीत. घरीसुद्धा तेच. आई चौकटीवर बोटाने दोनदा वाजवायची तेव्हा बाबा कामाला निघायचे. आई म्हणायची, "मी बायको आहे की बदली कंडक्टर?"

पण डबलबेल काका तर गेले होते. म्हणजे मला तसं वाटत होतं. निवृत्तीनंतर त्यांचं येणं-जाणं थांबलं, मग घशाचा काहीतरी मोठा आजार निघाल्याचं कानावर आलं, मग काहीच नाही. मी मनातल्या मनात त्यांची रेघ पुसून टाकली होती.

घरापर्यंत मी धावले. दादाला फोनवरून सांगत धावले. बाबांचा फोन उघडला, ब्लॉक काढला, आणि यादीत मागे मागे गेले. तो नंबर रोज होता. रोज सकाळी तिकडून दोनदा, इकडून एकदा. बोलणं शून्य सेकंद. जिथपर्यंत यादी जात होती तिथपर्यंत शून्य, शून्य, शून्य. कितीही वर्षांची बेरीज करा, शून्यच येणार. माझ्या नियमाने या दोन माणसांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

मी फोन लावला. तिकडे उचलला, पण कोणी बोललं नाही. फक्त श्वास, आणि तोही विचित्र, फुटक्या भात्यातून हवा जावी तसा.

"काका? डबलबेल काका? मी ड्रायव्हरांची मुलगी. बाबा हरवलेत. तुमच्याकडे आलेत का?"

श्वास जोरात व्हायला लागला. मग फोनवर नखाने वाजवल्यासारखं टक् टक्, टक् टक्. आणि मग एका बाईचा आवाज. "कोण बोलतंय? मी त्यांची सून. मामंजींना बोलता येत नाही हो. घशाचं ऑपरेशन झालंय, आवाजच काढून घेतलाय. तुम्ही कोण?"

मी परत सांगितलं. बाई घाबरली. "त्यांचा फोन रात्री बंद पडला होता. चार्जर मी माझ्या फोनला नेला, लक्षातच राहिलं नाही. दुपारी लावून दिला तेव्हापासून हे नुसते तो नंबर फिरवतायत. पायात बूट घालून बसलेत. मी म्हटलं कुठे निघालात या थंडीत? थांबा, पाटीवर लिहून दाखवतायत काहीतरी..." तिकडे खडूचा आवाज. "डेपोमागच्या खोल्या, म्हणतायत. तिथे बघा म्हणतायत. पण अहो, त्या खोल्या तर कधीच पाडल्या. आम्ही तिथून उठून इकडे आलो त्याला किती वर्षं झाली."

आम्हाला ते माहीत होतं. बाबांना माहीत असून उपयोग नव्हता.

डेपो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दादा गाडी अशी चालवत होता की एरवी मी त्याला झोडपलं असतं. उजेड उतरत होता. गाडीच्या काचेवर वाफ धरत होती आणि ती दिसली की माझ्या डोळ्यांसमोर खुंटीवरचा स्वेटर यायचा.

डेपोच्या मागच्या बाजूला पडक्या विटा, काचा, वाळकं गवत. खोल्यांचे फक्त ओटे उरले होते, ओळीने. शेवटच्या ओट्यावर बाबा आडवे पडले होते, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड जिथे कधीतरी दार होतं तिकडे करून. उजव्या गालावर साबण वाळून पांढरा झाला होता. ओठ निळे. मी त्यांना माझ्या कोटात गुंडाळलं, हात चोळले, "बाबा, बाबा" करत राहिले. त्यांनी डोळे उघडले.

"बाई, कंडक्टर दार उघडत नाहीये," ते म्हणाले. "आजारी असणार. असा न सांगता राहणारा माणूस नाही तो."

"बाबा, मी आहे. चला, घरी जाऊ."

"तुम्ही कोण?"

सगळ्यात जाड रेघ माझी होती. दादाने मान फिरवली.

आम्ही त्यांना उचलायला गेलो तर त्यांनी ओट्याची कड धरली. त्या हातांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. "बेल नाही झाली. बेल झाल्याशिवाय हलायचं नाही. माणसं चढत असतात मागे." दादा रडायला लागला, एवढा मोठा माणूस, रस्त्यात चुकलेल्या पोरासारखा. मी बाबांचा फोन त्यांच्या कानाशी धरला आणि माझ्या फोनवरून तो नंबर लावला. "काका, सापडले," एवढंच म्हणाले. "बेल द्या."

फोन एकदा वाजून थांबला. पुन्हा एकदा वाजून थांबला.

बाबांची बोटं ओट्यावरून सुटली. "आहे," ते म्हणाले. "आहे तो. चला."

इस्पितळात त्यांना ऊब दिली, सलाईन लावलं, नळी लावली. पण छातीत जे व्हायचं ते झालंच. पहिल्या दिवशी डॉक्टर "बघू" म्हणाले, मग "बघतोय" म्हणाले, आणि मग ते आमच्याशी बोलताना बसायला लागले. डॉक्टर बसून बोलायला लागले की काय समजायचं ते आम्ही आईच्या वेळी शिकलो होतो.

बाबा शुद्धीवर नव्हते, पण स्वस्थही नव्हते. डावा पाय क्लच दाबायचा, उजवा ब्रेक शोधायचा. चादर लाथेने खाली. हात गोल फिरायचे, नळ्या ओढल्या जायच्या, म्हणून नर्सने मनगटं पट्ट्यांनी बांधली. ते बघवत नव्हतं. रात्रंदिवस माणूस न थांबता गाडी चालवत होता आणि मध्येच विचारत होता, "बेल झाली का?"

मी कॉटच्या दांडीवर दोनदा वाजवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. परत वाजवलं. "ही नव्हे," ते म्हणाले. आईची चालायची. माझी चालेना. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि मनात आलेल्या सगळ्या शिव्या भिंतीला दिल्या.

काकांची डबल बेल रोज सकाळी येत होती. फोन बाबांच्या कानाशी धरला तरी त्यांचे पाय थांबत नव्हते, आणि त्यांच्या वतीने मी एकदा परत देत होते. म्हणजे सगळं ठीक आहे असं खोटं सांगत होते. त्यांच्या सुनेला मात्र मी खरं कळवलं होतं. काकांना एकदा आणता का, असं विचारलंही होतं. ती फोनवरच हात जोडत असावी अशा आवाजात म्हणाली, "ताई, नका हो. त्यांच्या गळ्याला भोक आहे, थंड हवा थेट आत जाते. डॉक्टरांनी उंबरा ओलांडू नका म्हणून बजावलंय. सापडले, बरे आहेत, एवढंच मी सांगितलंय. खरं कळलं तर ते ऐकणार नाहीत. तुम्ही रोज ती एक रिंग तेवढी देत जा. तुमच्या पाया पडते."

तिचं काय चुकलं? तिला तिचा म्हातारा जपायचा होता, मला माझा.

त्या सकाळी बाबांच्या नाकपुड्या फेंदारल्या होत्या आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते. डॉक्टर येऊन बसून गेले. "आज," ते म्हणाले. पाय तरीही चालत होते. बाबांचा फोन माझ्या मांडीवर होता. तो वाजून थांबला. पुन्हा वाजून थांबला.

मी अंगठा बटणावर ठेवला. एकदा दाबलं की काका समाधानाने चहा प्यायला बसणार. नाही दाबलं तर काय होतं ते मी त्या ओट्यावर बघितलं होतं. बेल परत आली नाही की हे दोघं घर सोडतात. थंडी बघत नाहीत, पत्ता बघत नाहीत. आपण काय करतोय हे मला पुरतं कळत होतं. उद्या त्या बाईने मला खुनी म्हटलं असतं तर तिला उलट बोलायला मला तोंड नव्हतं.

मी अंगठा उचलला.

"दादा," मी म्हणाले, "गाडी काढ. काकांच्या घराखाली जाऊन थांब. ते उतरतील. गाडीत हीटर लाव. गळ्याभोवती माझी शाल गुंडाळ, पण श्वास घेता येईल अशी. आणि त्यांना काही सांगू नकोस. त्यांना कळेल."

फोन परत वाजला, दोनदा. मग पुन्हा, दोनदा. मग गप्प झाला.

दादा त्यांना घेऊन आला तेव्हा सुनेचे फोन आम्हा दोघांच्याही खिशात थरथरत होते. काका मला आठवत होते त्यापेक्षा निम्मे झाले होते. डोक्यापासून शालीत, पायात बूट, खिशात पाटीचा तुकडा. पाटी त्यांनी बाहेर काढलीच नाही. माझ्याकडे न बघता सरळ कॉटशी गेले, बाबांची बांधलेली मनगटं बघितली आणि पट्ट्या सोडायला लागले. एक पट्टी सुटेना, तिथे मी मदत केली. मी खुर्ची सरकवली पण ते बसले नाहीत. खिशातून एक जुनं नाणं काढलं आणि कॉटच्या लोखंडी दांडीवर वाजवलं.

टक्.

एकदाच. बाबांचे दोन्ही पाय थांबले. इतके दिवस कुठल्याही औषधाने जे थांबत नव्हते ते पाय चादरीखाली शांत पडले. "स्टॉप आला," बाबा पुटपुटले. काका मग खुर्चीत बसले आणि बाबांचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. एकजण बोलू शकत नव्हता आणि एकजण बोलण्याच्या पलीकडे गेला होता. दुपारभर दोघं तसेच होते. काकांच्या गळ्यातून हवा शीळ घालत आत-बाहेर होत होती. बाबांचा श्वास तिच्यामागे अडखळत चालत होता, मध्येच बराच वेळ थांबत होता, मग पुन्हा ओढून निघत होता. त्या निघण्यात फार कष्ट होते.

एकदा श्वास असाच थांबला आणि फार वेळाने, फार दुखून परत आला. काका उठून उभे राहिले. नाणं हातात घेतलं आणि दांडीशी नेलं. पण वाजवलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळी माणसं चढली का, हे दारातल्या शेवटच्या माणसाला विचारावं तसं.

दादाने माझा हात धरला. मी बाबांच्या कपाळावरून हात फिरवला, उजव्या गालावरून, जिथला साबण मीच धुतला होता. मग मान हलवली.

टक्, टक्.